जोडताऱ्यांची देवघेव

मार्गशीर्ष-पौषाच्या निरभ्र रात्री, जेवणे आटोपल्यावर नऊच्या सुमारास, आपण अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि मान चांगली वर करा. माथ्यावर कृत्तिकांचा पुंजका दिसेल. वायव्येकडे कलू लागलेली शर्मिष्ठा दिसेल. या दोहोंच्या मधला जो आकाशाचा पट्टा, तो ययातीचा. त्या ययातीत, शर्मिष्ठा आणि कृत्तिका यांच्या साधारण मध्यावर, दुसऱ्या प्रतीचा एक पांढरा तारा आहे. अरबांनी त्याला ‘घूल’ म्हणजे राक्षस म्हटले. त्यावरून जगभर त्याचे नाव अलगोल पडले. आपल्याकडील काही पुस्तकांत त्याला मायावती म्हणतात. दोन्ही नावे त्याला शोभतात. कारण हा तारा दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी मंदावतो. पाचएक तासांत त्याचे तेज एक-तृतीयांशाच्याही खाली उतरते आणि पुढच्या पाचएक तासांत तो पुन्हा पूर्ववत होतो. हे पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही.

या मंदावण्याचे वेळापत्रक पहिल्याने मांडले ते इंग्लंडमधील जॉन गुडरिक या तरुणाने, १७८३ साली. वय अवघे अठरा. लहानपणापासून ठार बहिरा. रात्रीमागून रात्र खिडकीत बसून त्याने हा हिशेब जुळविला आणि असा तर्क केला की, या ताऱ्याभोवती दुसरी एखादी काळसर वस्तू फिरत असावी व ती आडवी आली की ग्रहण लागत असावे. शंभर वर्षांनी, १८८९ साली, जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनी ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून हा तर्क खरा ठरविला. मायावती एकटी नाही. ती जोडी आहे. तिसराही एक तारा बऱ्याच अंतरावरून या जोडीभोवती फिरतो, पण आपल्या आजच्या गोष्टीत त्याचे काम नाही.

आता खरी मौज पुढेच आहे. या जोडीतील ताऱ्यांची वजने, शास्त्राच्या भाषेत वस्तुमाने, काढता आली. तेजस्वी तारा आपल्या सूर्याच्या सुमारे ३.२ पट भरला. मंद तारा भरला सूर्याच्या केवळ ०.७ पट. पण आकाराने पाहू जावे तर हलका ताराच मोठा निघाला! तो फुगलेला आहे, लालसर झालेला आहे; थोडक्यात, तो म्हातारा होऊ लागला आहे. आणि जो जड, तो मात्र अजून ऐन जवानीत आहे.

यात आश्चर्य कसले, असे आपण विचाराल. आश्चर्य असे की, ताऱ्यांच्या जगाचा एक पक्का नियम आहे. जड तारा लवकर म्हातारा होतो, हलका उशिरा. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो व त्यातून उष्णता निघते. जड ताऱ्याजवळ हे सरपण जास्त असते हे खरे, पण त्याची चूल त्याहूनही कितीतरी जास्त धडाडून पेटलेली असते. म्हणून सूर्यासारख्या ताऱ्याला जिथे सुमारे १,००० कोटी वर्षे पुरतात, तिथे सूर्याच्या तिप्पट वजनाचा तारा ४० कोटी वर्षांच्या आत-बाहेर आपले सरपण संपवितो. उलट ०.७ सूर्याच्या ताऱ्याला म्हातारपण यायला २,००० कोटींहून अधिक वर्षे लागावीत. सबंध विश्वाचे वयच मुळी १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे मायावतीतील हलका तारा या वेळेपर्यंत म्हातारा होणे शक्यच नव्हते.

बरे, एक जुना आणि एक नवा तारा पुढे कधीतरी एकत्र आले म्हणावे, तर तेही पटत नाही. असे जवळजवळचे जोडतारे एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मतात. मग जुळ्या भावंडांपैकी हलके भावंड आधी कसे म्हातारे झाले? ज्योतिर्विदांच्या पुढे हे कोडे बरीच वर्षे होते. ते साधे नव्हते. ताऱ्यांच्या आयुर्मानाचा सारा हिशेब ज्या नियमावर उभा होता, तो नियमच एका मायावतीने खोटा पाडल्यासारखे झाले होते.

उत्तर १९५५ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने सुचविले, आणि १९६०च्या दशकात संगणकावर ताऱ्यांची आयुष्ये पायरीपायरीने मांडून इतरांनी ते पक्के केले. उत्तर असे: आज जो हलका दिसतो, तो जन्माने हलका नव्हताच. जन्माने तोच जड होता. नियमाप्रमाणे तोच आधी म्हातारा झाला, फुगला, आणि फुगता फुगता आपले वस्तुमान शेजाऱ्याला देऊन बसला. शेजारी त्यामुळे जड झाला. नियम खोटा नव्हता. मधल्या काळात देवघेव झाली होती.

शिक्षकांनी वर्गात एक छोटे गणित घालून पाहावे. आज दोघांची मिळून बेरीज ३.२ अधिक ०.७, म्हणजे ३.९ सूर्य. सुरुवातीला देणारा जड होता, म्हणजे त्याच्याकडे निम्म्याहून जास्त असलेच पाहिजे. म्हणजेच तो जन्मतः १.९५ सूर्यांहून जड होता. त्यातले आज उरले ०.७. म्हणजे निम्म्याहून अधिक अंग त्याने घालविले. मुलांना भागाकार येत असेल तर ताऱ्याचे हे पूर्वचरित्र त्यांना आपले आपण काढता येते.

पण तारा आपले अंग शेजाऱ्याला देतो म्हणजे नक्की काय होते? राहात्याच्या कोणत्याही पेरूच्या बागेत दारे धरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. शेजारी शेजारी दोन आळी आहेत आणि मध्ये एकच वरंबा आहे, अशी कल्पना करा. एका आळ्यात पाणी चढू लागले. ते वरंब्याच्या आत आहे तोवर त्याचे त्याच्यापाशी. पण वरंबा सगळीकडे सारखा उंच नसतो. जिथे तो सर्वांत खाली असेल तिथवर पाणी चढले, की तिथूनच ते शेजारच्या आळ्यात उतरू लागते.

दोन ताऱ्यांमध्येही असाच एक वरंबा असतो. तो मातीचा नसतो. इकडचे गुरुत्वाकर्षण, तिकडचे गुरुत्वाकर्षण आणि दोघांचे एकमेकांभोवती फिरणे, या तिन्हींचा मेळ जिथे बसतो, तिथे तो असतो. एकोणिसाव्या शतकातील एद्वार रोश या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ही सीमा ओळखली जाते. या वरंब्याची सर्वांत सखल जागा दोघांना जोडणाऱ्या रेषेवर असते. तारा तरुण आणि आटोपशीर असतो तोवर सीमेच्या आत सुखाने राहतो. म्हातारपणी तो फुगला, त्याचा पृष्ठभाग त्या सखल जागेपर्यंत आला, की त्याचा वायू शेजाऱ्याकडे ओघळू लागतो. मायावतीच्या दोन ताऱ्यांमधले अंतर फक्त ९३ लाख किलोमीटर आहे. सूर्य आणि पृथ्वी यांच्या अंतराच्या सोळाव्या हिश्श्याइतके. इतक्या जवळ घर असल्यावर फुगणाऱ्याचे पाणी शेजारी गेल्यावाचून राहत नाही.

उपमा इथपर्यंत चालते, यापुढे आकाशातली गोष्ट वेगळी होते. शेतात दोन आळ्यांतली पातळी सारखी झाली की पाणी थांबते. ताऱ्यांत ते थांबत नाही, आणि याचे कारण कळले की सगळे कोडे उलगडते.

खांद्यावरची कावड आठवा. दोन्ही बाजूंचे ओझे सारखे नसेल तर जड बाजू खांद्याजवळ घ्यावी लागते, हलकी लांब ठेवावी लागते. जोडताऱ्यांतही फिरण्याचा मध्यबिंदू जड ताऱ्याच्या जवळ असतो. जड तारा लहान फेरा घेतो, हलका मोठा. म्हणून शेर-शेर तोलून पाहिले तर हलक्या ताऱ्याच्या द्रव्यात फिरकी जास्त असते. आता जड ताऱ्यातला वायू हलक्याकडे गेला, तर त्याला तिथली जास्तीची फिरकी पुरवावी लागणार. ती येणार कोठून? जोडीची एकूण फिरकी ठरलेली आहे. मग दोघांना एकमेकांजवळ सरकून हा हिशेब भागवावा लागतो. जवळ सरकले की वरंबा आणखी आत येतो, आणि वायू आणखी जोराने वाहू लागतो. देणाऱ्याने हात आखडता घ्यायचा म्हटले तरी घेता येत नाही.

आकड्यांनी पाहू. समजा एक तारा ३ सूर्यांचा, दुसरा १ सूर्याचा, आणि बाहेर काहीच सांडत नाही. वस्तुमानांचा गुणाकार ३. देवघेव होता होता दोघे २ आणि २ झाले, म्हणजे गुणाकार ४. गणित असे सांगते की अंतर या गुणाकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे आता अंतर पहिल्याच्या ९/१६, निम्म्याहून थोडेसेच जास्त. दोघे सारखे होतात तेव्हा अंतर सर्वांत कमी असते. पुढे देणारा १ आणि घेणारा ३ झाला की अंतर पुन्हा मूळपदावर. देणारा अर्धा आणि घेणारा साडेतीन झाला की अंतर मूळच्या जवळजवळ तिप्पट! म्हणजे पहिल्या निम्म्या प्रवासात घाई, आणि पुढच्या निम्म्यात संथपणा. घाईचा काळ काही लाख वर्षांत उरकतो. संथ काळ कोट्यवधी वर्षे चालतो. आता कळून येईल की आकाशात आपल्याला अशा जोड्या बहुतेक उलट्या झालेल्याच का दिसतात. मुक्कामाच्या गाडीत माणसे दिसायचीच. धावत्या गाडीतली दिसायला नशीब लागते.

अशी एक धावती गाडीही आपल्या आकाशात आहे. पावसाळा सरल्यावर आश्विनात संध्याकाळी वायव्येला उंचावर अभिजित चमकतो. त्याच्या शेजारी स्वरमंडलातला एक मंद तारा आहे. तो सुमारे १३ दिवसांत एकदा तेजाचे चढउतार पुरे करतो. त्याचेही बदलते तेज गुडरिकनेच १७८४ साली ओळखले. त्या जोडीत आज देणाऱ्याकडे सुमारे ३ सूर्य उरले आहेत आणि घेणाऱ्याकडे सुमारे १३ जमले आहेत. दर वर्षाला सहा-सात पृथ्व्यांइतके द्रव्य इकडून तिकडे जाते आहे. पारडे उलटून गेल्यामुळे गणिताप्रमाणे आता अंतर वाढले पाहिजे, आणि फेऱ्याचा काळही. तो वाढतोच आहे: दर वर्षी सुमारे १९ सेकंदांनी. गुडरिकच्या वेळेपासून आजवर तो सुमारे सव्वा तासाने लांबला आहे. ताऱ्यांच्या आयुष्यातले बदल माणसाला दिसत नाहीत असे आपण म्हणतो. इथे मात्र घड्याळ लावून ते मोजता येतात.

आतापर्यंत दिलेले सारे द्रव्य शेजाऱ्याला पोचते असे धरून आपण चाललो. प्रत्यक्षात पाटाने आलेले सारे पाणी कधी मुळाशी पोचते का? काही झिरपते, काही बांधाबाहेर जाते. ताऱ्यांचेही तसेच आहे. आपला सूर्यसुद्धा दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशरूपाने आणि आणखी दहा-वीस लाख टन वाऱ्याच्या रूपाने घालवीत असतो. त्याच्या मानाने हे काहीच नाही. परंतु म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्याचा वारा फार मोठा असतो. याचा उत्तम दाखला म्हणजे आपला व्याध. ८.६ प्रकाशवर्षांवरचा, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याला एक जोडीदार आहे, तो १८६२ साली दुर्बिणीतून प्रथम दिसला. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढे. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. सरपण संपलेल्या ताऱ्याचे ते उरलेले निखारे. हा बटू एके काळी सुमारे ५ सूर्यांचा होता. त्यातले चार सूर्यांएवढे द्रव्य गेले, पण जोडी ऐसपैस अंतरावर असल्यामुळे त्यातले फार थोडेच व्याधाच्या पदरात पडले असावे. बाकीचे अवकाशात विखुरले. जवळच्या जोडीत देणे, लांबच्या जोडीत गमावणे, असा हा साधारण भेद आहे.

आणि काही जोड्यांत दोन्ही एकदम चालते. भुजंगधारी तारकासमूहात आर. एस. या अक्षरांनी ओळखली जाणारी एक जोडी आहे. एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू. राक्षसी तारा वाऱ्याने आपले अंग उधळीत असतो आणि त्यातला काही भाग बटू ओढून घेतो. तो वायू सरळ बटूवर पडत नाही. दोघे फिरत असल्यामुळे तो वळतो आणि भोवऱ्यासारखी चकती करून हळूहळू आत उतरतो. बटूच्या अंगावर हायड्रोजनचा थर साचतो, दाबाने तापतो, आणि एके दिवशी वाळल्या गंजीला ठिणगी लागावी तसा सगळा थर एकदम पेट घेतो. एरवी डोळ्यांना न दिसणारा तारा काही दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसू लागतो. हाच नवतारा. बटू स्वतः शाबूत राहतो आणि पुन्हा थर साचविण्याच्या उद्योगाला लागतो. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या साली ही जोडी अशी पेटल्याची नोंद आहे.

यातल्या २००६च्या स्फोटाचा आपल्या भागाशी संबंध आहे. संगमनेरवरून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने झालेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात मांडलेल्या आहेत. १२ फेब्रुवारी २००६ रोजी स्फोट झाला. खोडदच्या तबकड्या त्या दिशेने वळविल्या गेल्या. विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्‌झवर आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्‌झवर त्या जोडीचा आवाज मिळाला. इतक्या लांब लहरींवर या ताऱ्याचा स्फोट पूर्वी कोणालाच ऐकू आला नव्हता. १९८५च्या स्फोटात तर ६६ दिवस उलटूनही तशा लहरी सापडल्या नव्हत्या.

निमिषा कंठारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा अर्थ लावला. राक्षसी ताऱ्याने आधीच उधळलेला वारा जोडीभोवती धुक्यासारखा पसरलेला असतो. लांब लहरी हे धुके अडवून धरते. स्फोटाचा लोट त्यातून बाहेर सरकेल तसतशा त्या लहरी आपल्यापर्यंत येतात. पुण्याच्या या मंडळींना असे आढळले की ते धुके एकसारखे नाही, गाठीगाठींचे आहे. ताऱ्याने गमावलेले द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. पण ते कोठे दाट आहे आणि कोठे विरळ, हे खोडदच्या माळावरून समजले. पुढे २०२१च्या स्फोटाकडेही हीच दुर्बीण पुन्हा वळविण्यात आली.

आता शेवटचा प्रश्न. कोट्यवधी कोस दूर ही देवघेव होते. तिच्याशी आपले देणेघेणे काय?

श्वेत बटूच्या वजनाला एक मर्यादा आहे: सुमारे १.४ सूर्य. ही मर्यादा काढण्याचे काम सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० साली, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर सुरू केले. शेजाऱ्याकडून घेत घेत एखादा बटू या मर्यादेशी पोचला, किंवा दोन बटू एकमेकांत मिसळले, तर मग वरचा थर पेटून भागत नाही. सबंध ताराच फुटतो. शर्मिष्ठेत १५७२ साली असा एक तारा फुटला, तेव्हा तो भर दिवसाही दिसत होता. अशा स्फोटात जे द्रव्य तयार होते त्याचा मोठा भाग शेवटी लोखंड होतो आणि अवकाशात उधळला जातो. त्यातूनच पुढे नव्या ताऱ्यांचे आणि ग्रहांचे ढग बनतात. आपल्या सूर्यमालेतील लोखंडापैकी निम्म्याच्या आसपास अशाच स्फोटांतून आले असे शास्त्रज्ञ मानतात. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातातला कोयता आणि तिच्या अंगात फिरणारे रक्त, या दोहोंतल्या लोखंडाचा मोठा वाटा अशा जोडताऱ्यांच्या पदरचा आहे. ताऱ्याने गमावलेले वाया गेले असे त्याच्यापुरते म्हणता येईल. आपल्यापुरते तसे म्हणता येणार नाही.

शिक्षकबंधुभगिनींना जाता जाता एक विनंती. हिवाळ्यात मुलांना मायावतीची वही घालायला सांगा. मायावतीच्या पश्चिमेला देवयानीच्या टोकाशी जवळजवळ तेवढाच तेजस्वी तारा आहे. रोज रात्री दोहोंची तुलना करून एवढेच लिहावे: सारखी, की मंद? शिर्डीच्या बाजूचे आभाळ दिव्यांनी उजळलेले असले तरी हे दोन्ही तारे सहज दिसतात. एखाद्या सोमवारी मध्यरात्री मायावती सर्वांत मंद सापडली, तर गुरुवारी रात्री ८ वाजून ४९ मिनिटांनी ती पुन्हा तशीच सापडेल; दर तीन रात्रींनी ग्रहण ३ तास ११ मिनिटे आधी येते. ही वेळ मुलांनी आधी काढावी आणि मग बाहेर येऊन ताडून पाहावी. गुडरिकजवळ याहून जास्त काही सामान नव्हते.